‘नॉर्मल’ रिपोर्टवर समाधान मानू नका

एमआरआयच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: चक्कर. गेल्या पावसाळ्यात आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंच्या चिठ्ठीवरही तेवढंच होतं. पण त्या आल्या नवऱ्याच्या खांद्याला धरून, पाय फाकवून. नाव सांगताना जीभ जड. महिन्याभरापूर्वी भाकऱ्या थापणाऱ्या हातांना आता कपात चहा ओतता येत नव्हता. स्कॅन मात्र अगदी स्वच्छ.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून ठामपणे सांगते: अशा वेळी स्वच्छ स्कॅनवर थांबणं घातक आहे. कर्करोगाच्या गाठीतली काही प्रथिनं लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींतही असतात. गाठीवर तुटून पडलेली प्रतिकारशक्ती मग या पेशीही मारू लागते. स्त्रियांमध्ये यामागे बहुधा स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आणि रक्तात ‘अँटी-यो’ अँटीबॉडी असते. पुष्कळदा तोल आधी जातो, गाठ मागाहून सापडते. फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग आणि हॉजकिन लिम्फोमा यांतही हे घडतं.

सुरुवातीला एमआरआयमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी लहान मेंदूच्या बारीक घड्या आक्रसतात, मधल्या खाचा रुंदावतात, आणि पडद्यावर ते शिकाऊ डॉक्टरलाही कळतं. पण तोवर पेशी मेलेल्या असतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. उपचारांनी जे वाचवायचं, ते त्याआधीच.

त्या बाईंच्या न्यूरोलॉजिस्टना मी लगेच फोन केला. अँटी-यो सापडली, आणि पूर्ण शरीराच्या पेट स्कॅनमध्ये अंडाशयातली गाठ.

कर्करोग शोधा, अशा सूचनेने रुग्ण घाबरतो, खर्चात पडतो, असं काही सहकारी म्हणतात. प्रत्येक चक्करेला पेट स्कॅन करा असं मी म्हणतच नाही. पण मोठ्या वयात काही आठवड्यांतच तोल आणि बोलणं बिघडलं, तर ‘नॉर्मल एमआरआयमुळे कर्करोगाशी निगडित लहान मेंदूचा आजार नाकारता येत नाही’ हे वाक्य रिपोर्टमध्ये असलंच पाहिजे. कर्करोगाची मोठी जोखीम दाखवणारी अँटीबॉडी सापडूनही पहिल्या शोधात गाठ मिळाली नाही, तर दर चार ते सहा महिन्यांनी, दोन वर्षं तपासत राहावं, असे 2021 चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

घरच्यांना एकच विनंती. चिठ्ठीवर नुसतं ‘चक्कर’ लिहून घेऊ नका. त्रास कधी सुरू झाला, किती झपाट्याने वाढला, पूर्वी कुठे गाठ होती का, हे लिहायला सांगा आणि स्कॅनच्या आधी आम्हालाही तोंडी सांगा.