लंगोट की डायपर? हिशेब पुरता मांडायला हवा

बाळ-बाळंतीण घरी आली की पहिल्या आठवड्यातच एक वाद हमखास उभा राहतो. आजीने जुन्या सुती साड्या फाडून लंगोटांची चळत करून ठेवलेली असते आणि बाळाचे बाबा डायपरचे मोठे पाकीट घेऊन येतात. आजीच्या मते डायपर म्हणजे पैसे कचऱ्यात टाकणे. बाबांच्या मते आजच्या काळात लंगोट धूत बसणे हा वेडेपणा. (धुणारे ते नसतात, ही गोष्ट वेगळी.) दोघेही खर्चाचेच बोलत असतात. अडचण अशी की दोघांचाही हिशेब अर्धाच मांडलेला असतो.

आधी डायपरचा हिशेब पाहू. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत. अगदी लहान बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात, पुढे ते पाच-सहावर येतात. सरासरी दिवसाला ६ डायपर आणि एका डायपरची किंमत १० रुपये धरली, तर महिन्याला १,८०० रुपये होतात. दोन वर्षांत ४,३८० डायपर आणि ४३,८०० रुपये. बाळ वाढते तशी नगांची संख्या घटते. पण मोठ्या मापाचा डायपर महागही असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो सगळा फायदा ग्राहकापर्यंत पोचला असे धरले, तरी या हिशेबात महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयेच वाचतात. ज्या घरात महिना १५,००० रुपये येतात, तिथे १,८०० रुपये म्हणजे मिळकतीचा आठवा हिस्सा. शिवाय अशा घरात मोठे पाकीट एकदम घेणे जमत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन-चार नगांचे छोटे पाकीट येते आणि त्यात एका नगाला बहुतेक वेळा जास्तच पैसे पडतात.

आता लंगोटाचा हिशेब. बाजारातून मऊ सुती लंगोट आणले, एक ४० रुपयांना धरला आणि तीन डझन घेतले, तर १,४४० रुपये. बाळ वाढल्यावर मोठ्या मापाचे आणखी तीन डझन धरले, तरी एकूण तीन हजारांच्या आत. जुन्या साड्या-धोतरे असतील तर हा खर्चही नाही. साबणाला दिवसाला ५ रुपये धरले, तर दोन वर्षांचे ३,६५० रुपये. म्हणजे सारे मिळून साडेसहा हजार. कुठे ४३,८०० आणि कुठे ६,५००! आजी जिंकली, असे वाटते.

पण या हिशेबात एक रकाना कोरा राहिला आहे. दिवसाला दहा-बारा लंगोट खरवडणे, भिजवणे, चोळणे, खळबळून काढणे, वाळत घालणे, घड्या करणे, या साऱ्याला पाऊण तास धरला तर दोन वर्षांत जवळजवळ ५५० तास होतात. आठ तासांचा दिवस धरल्यास ही ६८ दिवसांची पूर्ण मजुरी आहे. तासाला अवघे ५० रुपये लावले, तरी त्याचे २७ हजारांवर मोल होते. ते मिळवले की लंगोटाचा खर्च ३४ हजारांच्या घरात जातो आणि डायपरशी असलेले अंतर दहा हजारांपर्यंत खाली येते.

हा रकाना कोरा राहतो, कारण ते काम घरातली बाई करते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात, असे दिसले. डायपरचा जन्मही याच कामाच्या कंटाळ्यातून झाला. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले रसायन अभियंते व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट बदलणे-धुणे नकोसे झाले, आणि तिथून पुढे १९६१ मध्ये कंपनीचे ‘पॅम्पर्स’ चाचणीसाठी बाजारात आले. एका नगाला १० सेंट ही किंमत तेव्हाच्या अमेरिकी आयांनाही परवडेना. किंमत उतरवल्यावरच ते चालले. पैसा की कष्ट, हा सवाल असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

वैद्यकीय बाजूने पाहिले तर या कष्टांना आणखी एक अर्थ आहे. सिझेरियन होऊन पंधरा दिवस झालेल्या, रक्त कमी असलेल्या, रात्रीत चार वेळा दूध पाजायला उठणाऱ्या बाईने मोरीत उकिडवे बसून लंगोट धुणे ही काटकसर नव्हे. तिच्या तब्येतीतून घेतलेली ती उसनवारी असते. घरातला दुसरा कोणी लंगोट धुणार असेल, तरच लंगोट स्वस्त आहे.

दुसरा विसरलेला रकाना पाण्याचा. लंगोटांसाठी दिवसाला ५० लिटर पाणी धरले, तर दोन वर्षांत ३६,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. नळाला रोज पाणी येणाऱ्या घरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यात हंड्या-घागरींनी पाणी भरणाऱ्या बाईला ‘कापडी लंगोटच वापरा’ हा उपदेश करणे सोपे, पाळणे अवघड. कोकणातला पावसाळा याच्या उलट. तिथे पाणी भरपूर, पण लंगोट वाळत नाहीत. दमट लंगोट बाळाला बांधणे म्हणजे पुरळाला आमंत्रण. बाळ कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गावात जन्मले, यावरही खर्चाचा हिशेब बदलतो.

डायपरच्या बाजूलाही असाच कोरा रकाना आहे. वापरलेला डायपर सरासरी दीडशे ग्रॅमचा धरला, तर एका बाळामागे दोन वर्षांत साडेसहाशे किलो कचरा होतो. त्यात प्लास्टिक असते, लगदा असतो, ओल शोषणारे रसायन असते आणि बाळाची शीही असते. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. जुलाबाचे विषाणू आणि जंतू तिच्यातूनही पसरतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर आणि गुंडाळण्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. प्रत्यक्षात कितीतरी डायपर उघडेच कचऱ्यात येतात आणि ते हाताने वेगळे काढणारी पुन्हा एक बाईच असते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून याचा निषेध नोंदवला होता. ज्या खेड्यात कचरा उचलायला गाडीच येत नाही, तिथे डायपर ओढ्यात, उकिरड्यावर किंवा जाळात जातो. आपल्या घरचा लंगोट धुण्याचा त्रास असा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला जातो.

मात्र या सगळ्यांहून महाग पडते ती चूक वेगळीच आहे, आणि सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात ती रोज दिसते. डायपर महाग म्हणून तो पुरवून पुरवून वापरला जातो. सकाळी बांधलेला संध्याकाळी निघतो, रात्रीचा दुसऱ्या दिवशी दुपारी. ‘बारा तास कोरडेपणा’ असे जाहिरातीत ऐकलेले असते, त्यामुळे आईलाही त्यात वावगे वाटत नाही. पण शोषून घेण्याची क्षमता आणि बाळाच्या कातडीची सहनशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीमधले जंतू लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, कातडीवरचा आम्लपणा कमी होतो, त्यामुळे शीमधली पाचक द्रव्ये जोर धरतात आणि ओलीने आधीच मऊ पडलेली कातडी पोळल्यासारखी लाल होते. हे तीन-चार दिवस चालले की त्यावर बुरशीही वाढते. मग मलम, डॉक्टरांची फी, बुडालेली मजुरी आणि रात्र रात्र रडणारे बाळ. डायपरवर वाचवलेले पन्नास रुपये असे दामदुपटीने जातात.

यात दोष डायपरचा म्हणायचा का? पूर्णपणे नाही. वेळेवर बदलला तर आजचा चांगला डायपर कातडीला ओल्या लंगोटापेक्षा अधिक कोरडे ठेवतो. लंगोटही वेळेवर बदलला नाही, त्यावर प्लास्टिकची चड्डी चढवली किंवा त्यात साबण राहिला, तर पुरळ येतेच. दोन्हींना नियम एकच. शी झाली की लगेच बदलायचे. नुसती लघवी असेल तर दिवसा डायपर तीन-चार तासांत बदलायचा, लंगोट ओला झाला की लगेच. दर वेळी साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यायचे, पावडर लावायची नाही आणि दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवायचे. लाली तीन दिवसांत कमी झाली नाही, जांघेच्या घड्यांत पसरली, भोवती बारीक लाल पुळ्या उठल्या, पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवायचे. घरातली जुनी मलमे लावत बसू नये. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते.

पहिल्या महिन्यापुरता लंगोटाचा एक मोठा फायदा आहे, आणि तो पैशात मोजता येत नाही. अंगावरचे दूध बाळाला पुरते की नाही, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करणे. लंगोट ओला झाला की आईला ते लगेच कळते. डायपरमध्ये मोजदाद राहत नाही. ‘दूध पुरत नाही’ या निव्वळ शंकेवर पावडरच्या दुधाचा डबा आला, तर तो खर्च डायपरहूनही जड जातो.

पर्यावरणाच्या प्रश्नालाही सरसकट उत्तर नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अडीच वर्षांचा हिशेब मांडला. त्यात डायपरमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो असे दिसले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण लंगोट यंत्रात न सुकवता दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर हा भार २०० किलोंनी कमी होत होता. तिकडे ज्यासाठी मुद्दाम सांगावे लागते ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दोरी, ऊन आणि थोरल्याचे धाकट्याला, या आपल्या तीन गोष्टी लंगोटाचे पारडे जड करतात.

मग करावे काय? बहुतेक घरांना मधला मार्गच परवडतो आणि मानवतोही. दिवसा घरात लंगोट; रात्री झोपताना एक डायपर; प्रवास, दवाखाना, पाळणाघर आणि पावसाळ्याचे ओले दिवस यांसाठी लागतील तसे आणखी. रोज एक डायपर धरला तर दोन वर्षांचे ७,३०० रुपये. लंगोट-साबणाचे साडेसहा हजार मिळवले, तरी एकूण चौदा हजारांच्या आत राहते. निव्वळ डायपरच्या खर्चाचा हा तिसरा हिस्सा. आईची रात्रीची झोपही वाचते. बाळ जरा मोठे झाले की दूध पिऊन झाल्यावर त्याला पायांवर धरून ‘शू शू’ करण्याची आजीची पद्धतही उपयोगी आहे. त्यातून रोजचे दोन-तीन लंगोट वाचले तर तेही काही थोडे नव्हे. फक्त जबरदस्ती नको. लंगोटातली शी संडासात टाकून मग लंगोट साबणाने धुवावेत, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. रोज जंतुनाशक घालण्याची गरज नाही. डायपर टाकतानाही आतली शी आधी संडासात टाकावी, मग डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्यावा. डायपर संडासात मात्र कधीही टाकू नये.

आणि लंगोट कोणी धुवायचे, हे बाळ घरी येण्यापूर्वीच ठरावे. बाबांनी सकाळची बादली आपल्याकडे घेतली, तर घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल. प्रसूतीनंतर घरी सोडताना लसीकरणाचे वेळापत्रक समजावले जाते. त्यातच पाच मिनिटे या विषयाला देणे सरकारी रुग्णालयांना सहज जमण्यासारखे आहे. कंपन्यांनी विल्हेवाटीचा खर्च उचलावा, याचा आग्रह पालिकांनी धरायला हवा.

पैशाची चणचण असलेल्या घराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका डायपरच्या पैशात बाळंतिणीच्या ताटात एक अंडे येते. दिवसाचे सहा डायपर एकावर आणले, तर पाच अंड्यांचे पैसे हातात राहतात. मात्र तो एक डायपर वेळेवर काढला गेला पाहिजे. पुरवून वापरलेला डायपर कोणत्याही भावात महागच.