खिडकीपुढील रांग

मे महिन्याची सुटी लागली की सुरत स्थानकावर ताप्ती मार्गाच्या गाड्यांसाठी कशी रांग लागते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नंदुरबार-जळगावकडे निघालेले निम्मे लिंबायत तेथे लोटते. खिडक्या मोजक्या, दालन मात्र प्रशस्त. दालन लहान असते तर माणसे दारातूनच परतली असती, थोड्या वेळाने आली असती. प्रशस्त असल्यामुळे सारे आत शिरतात, आणि ज्याला केवळ फलाटाचे तिकीट हवे तोही तासभर तिष्ठतो.

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात हेच घडत होते. अठरा संगणक आणि इंटरनेटची एकच जोडणी. माहिती येण्यास ४० मेगाबिट, जाण्यास १०. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली. मुलींनी अर्ज पुरा करावा, कळ दाबावी आणि पडदा गोठून राहावा! त्याच वेळी एक शिक्षिका समारंभाची छायाचित्रे वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवीत असत. आम्ही त्यांना चार शब्द सुनावले व ते काम बंद करण्याचा लेखी हुकूम काढला.

पुढे एक माजी विद्यार्थी भेटीस आला. त्याने मोजून पाहिले. मार्ग मोकळा असता सादेला प्रतिसाद १५ मिलिसेकंदांत येई. छायाचित्रे जात असता दीड सेकंद लागे. "सर, दोष बाईंचा नाही. मोडेमच्या पोटात फार मोठी रांग मावते," तो म्हणाला. अर्जाचे इवलेसे पाकीट छायाचित्रांच्या ढिगामागे उभे राहत होते.

त्याने एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो मोडेमच्या अलीकडे बसविला. आपले दार जोडणीहून किंचित अरुंद करावयाचे, म्हणजे १० ऐवजी ९. मग रांग मोडेमात न लागता आपल्या हाताखाली लागते, आणि तेथे प्रत्येकास आळीपाळीने सोडता येते. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेली पद्धत तर रांगेची लांबी न पाहता पाकीट किती वेळ ताटकळले तेच पाहते. तिच्यावरच आधारलेली 'एफक्यू-कोडेल' ही व्यवस्था त्याने योजिली.

तरीही काडीचा फरक पडेना! अखेर त्याने 'टीसी' या आज्ञेकडून हिशेब मागविला. दाराने अडविलेल्यांची संख्या शून्य. त्याने मर्यादा '९ एमबीपीएस' अशी लिहिली होती. व्यवहारात, कंपनीच्या बिलावरदेखील, याचा अर्थ मेगाबिट. 'टीसी' मात्र ते मेगाबाइट समजते. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे १० च्या प्रवाहास ७२ चे दार! 'एमबिट' असे लिहिताच छायाचित्रे जात असतानाही प्रतिसाद ३० मिलिसेकंदांत येऊ लागला. अनुस्वार चुकला म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या आम्हांस ही चूक फार ओळखीची वाटली.

वीज जाऊन आली की ही आज्ञा पुसली जाते, म्हणून ती यंत्र सुरू होतानाच चालेल अशी त्याने नोंदवून ठेविली. मुदतीच्या आदल्या दिवशी सारे अर्ज गेले. हुकूम आम्ही त्याच दुपारी मागे घेतला. बाईंची क्षमा मात्र दुसऱ्या दिवशी, शिक्षकांच्या खोलीत, सर्वांदेखत मागितली.