वकिलाच्या कपाटातली वही

आपल्या सोलापुरात यंत्रमागवाला असो की दुकानदार, एक समज अनेकांच्या मनात असतो: वाद पेटला की खातेवह्या वकिलाकडे नेऊन ठेवाव्यात, तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. हा समज खोटा आहे. आणि तो खोटा आहे हेच बरे आहे, असे माझे मत आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ सांगते की, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उघड करू नये. १८७२ च्या कायद्यातही हेच होते. मात्र बेकायदा कामासाठी मागितलेल्या सल्ल्याला हे कवच नाही. चार्टर्ड अकाउंटंटला तर हे कलम लागूच नाही.

जून २०२५ मध्ये ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडले. ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तपास यंत्रणांना बजावले की, कायद्यातील अपवाद वगळता पक्षकाराची माहिती काढण्यासाठी वकिलाला बोलावता येणार नाही. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: वकिलाच्या ताब्यातील कागदपत्रे हजर करण्यापासून हे कलम वाचवत नाही. फौजदारी प्रकरणात ती पोलिसांच्या हाती नव्हे, तर न्यायालयापुढे ठेवायची.

हा फरक मला न्याय्य वाटतो. आपण या प्रश्नाकडे फक्त सरकारच्या धाडींच्या अंगाने पाहतो. पण वही कुणाविरुद्ध दडवली जाते? पुष्कळदा पोटगी मागणाऱ्या बायकोविरुद्ध, वारसाहक्क मागणाऱ्या बहिणीविरुद्ध, भविष्यनिर्वाह निधी मागणाऱ्या कामगाराविरुद्ध. नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना मिळकत व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. कुराणानेही बहिणीचा हिस्सा ठरवून दिला आहे. पण हिशेबच समोर आला नाही, तर हिस्सा कशाचा काढायचा?

म्हणून वकिलाला सगळे खरे सांगा, न घाबरता सांगा. ते बोलणे तुमचे आहे. वही मात्र धंद्याची आहे. ज्याचा तिच्यात हक्क आहे, त्याच्यासाठी ती न्यायालयात उघडलीच पाहिजे.