फरशीवरची काचेची टाकी

आमच्या हातून एकदा एका दिवसात अकरा मासे मेले. त्याची ही हकिकत.

धाकटीच्या हट्टापायी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आम्ही घरी आणली. टेबलाला जागा नाही, म्हणून थर्माकोलचा तुकडा अंथरून ती सरळ फरशीवरच ठेवली. त्यात वावगे काही नाही. विड्या वळणे, भाकरी थापणे, पोरांचा अभ्यास, आपल्या घरचे सगळे फरशीवर बसूनच चालते. मासे बसल्या जागी डोळ्यांसमोर येतात.

अडचण आली पाणी बदलताना. दुकानात टाकी उंच घोडीवर असते, बादली खाली, नळीतून पाणी आपोआप उतरते. आमची टाकी आणि बादली एकाच फरशीवर, तेव्हा नळी चालणारच नाही, असे आम्हीच ठरवून टाकले. (बी.कॉम. झाले म्हणजे विज्ञान येते असे थोडेच!) एका रविवारी मासे पातेल्यात काढले, तांब्याने सगळे पाणी उपसले, खडी चोळचोळून धुतली आणि नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्याने टाकी भरली. सोमवारी कचेरीतून आलो तर सगळे मासे उलटे तरंगत होते. धाकटी रडली नाही. "पप्पा, तुम्ही तर स्वच्छ केली होती ना?" एवढेच तिने विचारले.

ती स्वच्छताच नडली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. तो साचू नये म्हणून पाणी बदलायचे, पण थोडे. आम्ही ते जिवाणूच धुऊन काढले. वर ताज्या पाण्यातला क्लोरीन, तो माशांचे कल्ले जाळतो.

धाकटीच्या आईचा प्रश्न वेगळाच होता. "नळाला चार दिवसांआड पाणी, आणि तुम्ही ते माशांवर ओतणार?" सोलापूरकराला हा प्रश्न टाळता येत नाही.

उत्तर मिळाले वस्तीतल्या एका गवंडीकाकांकडून. हकिकत ऐकून ते हसले. "भाऊ, आमची लेव्हलची नळी बघितली न्हाई काय? पाणी तळ बघत न्हाई, पातळी बघतं." टाकीतले पाणी अकरा इंच. फरशीवर रिकामे घमेले ठेवले, तर त्यातली पातळी टाकीतल्या पातळीच्या खाली असेपर्यंत नळी वाहणारच. दोन्ही बरोबरीला आल्या की ती आपोआप थांबते. उंच बादली भरत आली की प्रवाह मंदावतो. म्हणून उथळ घमेले बरे, भरले की ओतून यायचे. मोरी फरशीपेक्षा खोल असेल तर नळीचे टोक तिथेच सोडावे. मध्ये उंबरा आला तरी हरकत नाही, फक्त नळी पाण्याने पूर्ण भरलेली हवी.

आमच्या टाकीत साधारण 50 लिटर पाणी बसते. त्याचा चौथा हिस्सा 12 ते 13 लिटर, म्हणजे एक बादलीही नाही. पातळी तीन इंचही उतरत नाही. आठवड्याला एवढे पुरे. टाकी सगळी उपसायचीच नसते, मग ती फरशीवर असली काय आणि घोडीवर असली काय!

नळी तोंडाने ओढू नये. ती पाण्याने भरून दोन्ही टोके अंगठ्याने दाबावीत, एक टोक टाकीत, दुसरे घमेल्यात, मग सोडावीत. आतले टोक खडीवरून फिरवले की गाळ निघतो. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली नको. नवे पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात एक दिवस ठेवलेले असावे, क्लोरीन उडून जातो. डास होऊ नयेत म्हणून वर पातळ फडके बांधावे. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे कढत पाणी चुकूनही घालू नये. बोट बुडवून दोन्हीकडचा ऊनपणा सारखा आहे ना, ते पाहावे.

एक मात्र बजावून सांगतो. टाकी फरशीवर असली की विजेचा एक्स्टेंशन बोर्डही तिच्याशेजारी लोळत असतो. तो आधी भिंतीवर चढवा, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करा. भरलेली टाकी सरकवू नका. 50 किलोवर वजन असते, सांधा फुटतो.

काढलेले पाणी आता कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जाते. झाडांना ते खतासारखेच. त्यामुळे धाकटीच्या आईची तक्रार निम्मी मिटली, निम्मी अजून आहे.

धाकटीने काचेवर आठ इंचांवर स्केचपेनने रेघ मारली आहे. रविवारी ती नळी धरून बसते. पाणी रेघेला टेकले की ओरडते, "बस्स पप्पा!" आम्ही निमूटपणे नळी उचलतो.