कान कुणाचा?

इंग्रजीच्या क्लासात एक सल्ला हमखास मिळतो: 'वाचून बघ, कानाला खटकतं का?' अरे, पण कान कुणाचा? ज्याच्या घरात पाळण्यापासून इंग्रजी घुमतं त्याचा कान आयताच तयार. आपल्या पोरानं तो खटका आणायचा कुठून?

'क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट हिम.' यात आपल्याला काहीच खटकत नाही. का खटकावं? 'रस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं' हे मराठीत शेंबडं पोरही बरोबर समजतं. इंग्रजीत मात्र इथं ट्रकच रस्ता ओलांडतो! वाक्याच्या तोंडाला पार्टिसिपल आला की स्वल्पविरामानंतरचा कर्ता त्याचा धनी. म्हणून 'क्रॉसिंग द रोड, ही वॉज हिट बाय अ ट्रक.' 'बीइंग अ रेनी डे, वी स्टेड होम' म्हटलं तर पावसाळी दिवस आपणच झालो. तिथं 'इट बीइंग' हवं.

बस्स, एवढंच. यात कान कुठं आला? आणि अक्कल तरी कुठं आली? हॅम्लेटच्या बापाच्या भुताला शेक्सपिअरनं असंच वाक्य दिलंय; हा नियम लावला तर बागेत झोपलेला साप निघतो, राजा नव्हे. त्याचे मार्क कुणी कापले नाहीत.

आपले कापतात. २०२४ च्या एसएससी सीजीएलला पहिल्या टप्प्यात चुकीच्या उत्तरामागे अर्धा मार्क गेला. तेव्हा वस्तीतल्या अभ्यासिकेत फळ्यावर लिहून टाका: '-इंग', '-एड' दिसलं की आधी विचार, कर्ता कोण?