मैत्रिणीची मैत्रीण

आठवीतली गोष्ट. आम्ही तिघींनी राणीच्या बागेत जायचं ठरवलं. भेटायचं दादर स्टेशनला, एक नंबरवर, सकाळी नऊला. पण आम्हा दोघींना जोडणारी जी मधली मैत्रीण होती, तिलाच नेमका त्या दिवशी ताप आला. उरलो मी आणि तिची दुसरी मैत्रीण. त्या वेळी दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. (मध्य रेल्वेच्या बाजूचे नंबर आठपासून सुरू झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. आम्हाला काय उपयोग!) मी पश्चिमच्या एकवर, ती मध्यच्या एकवर. दीड तास. मोबाइल दोघींकडेही नाही. भायखळ्याला जायचं म्हणजे मध्य रेल्वेच, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघींचे चेहरे असे, की समोरचीने मुद्दाम टांग दिली.

आम्ही एकमेकींच्या मैत्रिणी नव्हतोच, हे तेव्हा कळलं. आम्ही एकाच मुलीच्या दोन मैत्रिणी होतो. ती डबा आणायला विसरली की आमच्यात बोलायला विषय नसायचा.

हे सगळं आठवलं ते एका मांगामुळे. तुमच्यातल्या मांगावाल्यांना ‘वातामोते’ माहीत असेल. निको तानिगावा या एकाच नावाने एक लेखक आणि एक चित्रकार मिळून ती करतात. २०११ पासून चालू आहे. तिची नायिका तोमोको. हायस्कूलला गेलं की आपण आपोआप पॉप्युलर होणार अशी तिची खात्री, आणि प्रत्यक्षात वर्गात बोलायला कुणी नाही. २०१३ मध्ये याच जोडीने तिच्या मागची गोष्ट सुरू केली, ‘तोमोमोते’. चार-चार चौकटींचे विनोद. पात्रं तीन : तोमोको, तिची मैत्रीण यू, आणि यूचीच दुसरी मैत्रीण कोमियामा. तोमोको आणि कोमियामाचं एकमेकींशी अजिबात पटत नाही आणि बिचारी यू मध्ये.

एरवी प्रीक्वेल म्हणजे हिरो हिरो कसा झाला ते सांगायचं. इथे तसलं काही नाही. तिघी अवघडलेल्या आहेत, बस्स. पण मूळ मालिकेतली एक गोष्ट माहीत असेल तर हसता हसता घास अडकतो. हायस्कूलमध्ये कोमियामा पुन्हा समोर येते, तेव्हा तोमोकोला ती आठवतच नाही. नावसुद्धा अर्धंच, ‘कोमी-काहीतरी’.

आपल्याकडे याच वयावरचं पुस्तक म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र. २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा सिनेमा आला. गंमत बघा, ‘शाळा’ शाळेत असताना आपल्यातले कितीजण वाचतात? आपण ती वाचतो एफवाय-एसवायला, कॉलेजच्या कट्ट्यावर बसून. म्हणजे आपली मागची गोष्ट आपल्याला हवी असते. फक्त तिच्यातली माणसं समोर आलेली चालत नाहीत.

कॉलेजला नवी अ‍ॅडमिशन म्हणजे नवं कॅरेक्टर, नाही का? चष्मा जातो, लेन्स येतात. घरचं नाव लपतं. हाताची नखं खाणारी, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून सांगणारी ती मुलगी कुणालाच माहीत नसते. मग एफवायला दादरच्या मधल्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, कुणीतरी आठवीतल्या नावाने मोठ्याने हाक मारतं. माझ्याबरोबर कॉलेजचे चौघे होते. मी म्हटलं, ‘‘सॉरी, ओळखलं नाही.’’

ओळखलं होतं. तीच ती, मध्य रेल्वेच्या एक नंबरवाली.

आता कुणी म्हणेल, शाळेतले सगळेच काही जपायच्या लायकीचे नसतात. एकदम कबूल. ज्याने तीन वर्षं ‘ढापण्या’, ‘जाड्या’ म्हणून छळलं, त्याला रियुनियनच्या ग्रुपवर ‘मिस यू ब्रो’ लिहायची सक्ती नाही. त्या ग्रुपमधून बिनधास्त बाहेर पडा. पण मी बोलतेय ते दुसऱ्यांबद्दल, ज्यांनी आपलं काहीही वाकडं केलं नाही. उंचीच्या रांगेमुळे, हजेरीच्या नंबरामुळे जे शेजारी आले आणि ज्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी आपल्याला बावळट असताना पाहिलं. कॉलेजात आपण मित्र निवडतो. ते आपल्यासारखेच असतात, तेच मीम, तीच गाणी. शाळेत निवड नव्हती, म्हणून न पटणाऱ्या माणसाबरोबर डबा खायची सवय होती. माझी तरी ती सवय पार गेलीय.

गेल्या महिन्यात ती पुन्हा त्याच पुलावर दिसली. या वेळी हाक मी मारली, आडनावाने, शाळेत मारायचो तशी. ती थांबली. थोडी नाखुशीनेच, हेही सांगायला हवं. मी आधी पुलावरच्या सॉरीबद्दल बोलले, मग राणीच्या बागेबद्दल. ती म्हणाली, ‘‘तू आली होतीस त्या दिवशी?’’ एवढ्या वर्षांत तिला हे माहीतच नव्हतं.

तिची ट्रेन आली. बोलायला विषय अजूनही फारसे नाहीत. रविवारी भायखळ्याला जायचं ठरलंय.