व्हॅन गॉगचे बूट आणि बीबीचे पाय

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवताना एक चित्र हमखास पुढे येते. १८८६ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने रंगवलेले, आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात असलेले बुटांचे चित्र. घोट्यापर्यंत चढणारे, जाड चामड्याचे, सैल सुटलेल्या नाड्यांचे दोन बूट. मार्टिन हायडेगरने १९३५ नंतरच्या व्याख्यानांत ते शेतकरी स्त्रीचे ठरवले आणि त्यांच्या आधारे वस्तूचे वस्तुत्व कशात असते, याचा शोध घेतला. पुढे १९६८ मध्ये मायर शापिरोने ते शेतकरणीचे नव्हेत, शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे आहेत असे सांगून हायडेगरचा पाय जमिनीवरून उचलला. १९७८ मध्ये जाक देरिदाने दोघांनाही विचारले की, हे दोन बूट एकाच जोडीचे आहेत हे तरी तुम्ही कशावरून ठरवले? हा वाद आम्ही वर्षानुवर्षे शिकवला, त्यावर प्रश्न काढले, उत्तरे तपासली. बूट कोणाचे, या प्रश्नावर आमचे विद्यार्थी चार पाने लिहू शकतात. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांकडे असे बूट कधीच का नव्हते, हा प्रश्न आम्ही एकाही प्रश्नपत्रिकेत घातला नाही.

हा लेख त्या चुकलेल्या प्रश्नाविषयी आहे. साहित्याच्या पानावर बुटांची निवड कशी करावी याची चर्चा पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्या आठ्यांविषयीही तो आहे.

उदाहरण म्हणून बीबी घेऊ. बुलडाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातले, सिंदखेड राजाकडून मेहकरकडे जाताना लागणारे हे गाव. भोवती काळी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा. या जमिनीत वर्षभर चालायचे म्हणजे काय, हे साहित्याच्या अभ्यासकाला माहीत असते अशी आमची समजूत होती. ती आता उरलेली नाही. सोयाबीनची सोंगणी झाली की शेतभर उभी राहतात ती तिरप्या कापाची धसकटे. वाळल्यावर ती इतकी टणक होतात की रबरी चपलेच्या तळातून आरपार येतात. तुरीचे खुंट त्याहून वाईट. धुऱ्यावर बाभळीचा काटा. सोयाबीनची सुडी उचलावी तर तिच्याखाली काय निघेल ते सांगता येत नाही. आणि कृषिपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात बांधावरून जावे लागते. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग या चारही विषारी जाती महाराष्ट्रात आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांपैकी बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. शेतात काम करणाऱ्याला दंश बहुधा पायाला होतो. इतके झाल्यावर पादत्राण हा विषय क्षुल्लक म्हणायला फार मोठे धैर्य लागते. ते मराठी समीक्षेने दाखवलेले आहे.

कारण मराठी साहित्याला शेतकऱ्याचा पाय अनवाणी हवा असतो. ग्रामीण कवितेच्या कोणत्याही प्रातिनिधिक संग्रहाची पाने चाळावीत: भेगाळलेले पाय, भेगांत साचलेली माती, त्या मातीशी असलेले 'नाते'. भेग ही जखम आहे. जखमेला नाते म्हणणे ही प्रतिमासृष्टी नव्हे, डोळेझाक आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईला आले, तेव्हा सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे देशभर फिरली. मुंबईकरांनी पाणी दिले, खाऊ दिला, काहींनी चपलाही वाटल्या. त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. साहित्यिकांनी काय दिले? कविता. त्या तळव्यांवर रातोरात लिहिल्या गेलेल्या कवितांपैकी आमच्या वाचनात जेवढ्या आल्या, तेवढ्यांत एकीनेही पायात काय असायला हवे होते, हे विचारले नव्हते.

अनवाणी असणे आणि अनवाणी राहणे यांत फरक करायला हवा. १९६४ मध्ये मुक्तिबोध गेले आणि त्यानंतर मकबूल फिदा हुसेन यांनी पादत्राणे सोडली, असे ते स्वतः सांगत. पंढरपुरात जन्मलेल्या त्या चित्रकाराचे अनवाणी पाय पुढे जगभरच्या दालनांतून फिरले. नवस फेडायला वारीत अनवाणी चालणारी बाईही आपण पाहतो; शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना बीबीच्या वाटेनेच जाते. या दोघांनाही आमचा नमस्कार आहे. पण त्यांनी काहीतरी काढून ठेवले होते. ज्याच्याजवळ काढून ठेवायलाच काही नाही, त्याच्या पायांना त्याग म्हणता येत नाही.

आता देशीवाद्यांचा आक्षेप घेऊ, कारण तो येणारच. बूट परका, साहेबाचा, वहाण आपली, असे म्हणणारे आमच्याच विभागांत भरपूर आहेत. त्यांना आमची विनंती अशी की, गावात कोणाला काय घालता येत होते हा इतिहास आधी वाचावा. बलुतेदारीत चांभार कुणब्याला जोडा शिवून देई, त्याची मोट दुरुस्त करी, आणि सुगीला धान्य घेई. कातडे सोलणारा, कमावणारा, शिवणारा अशी हातांची उतरंड होती आणि प्रत्येक पायरीवर विटाळ होता. ज्यांनी मेलेली जनावरे ओढली, त्यांनाच सवर्णांच्या वस्तीतून जाताना पायातले हातात घ्यावे लागे. वहाण 'आपली' म्हणताना हा 'आपली' कोण, ते एकदा ठरवावे. उलट बूट गावकुसाबाहेर पहिल्यांदा आला तो बहुधा पलटणीतून. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीने बूट घातले ते फौजेत, आणि त्यांच्या मुलाचा पुतळा आज महाराष्ट्राच्या गावागावांत कोट, टाय आणि बूट घालून उभा आहे. दिनदर्शिकेवरचा शेतकरी अनवाणी आणि चौकातले बाबासाहेब बूट घातलेले: या दोन चित्रांमधला फरक आमच्या समीक्षेला दिसला नाही, कारण पहिल्यात तिला देशीयता दिसत होती आणि दुसऱ्यात केवळ पोशाख.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला तिचे मूळ सांगितले नाही. तेव्हा मराठी मन पेटले. पेटायलाच हवे होते. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे. पण ज्यांनी तेव्हा लेख लिहिले, त्यांच्यापैकी किती जणांनी गावातला चांभार रबरी आणि प्लास्टिकच्या चपलांपुढे कसा हरला, २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर बैलाच्या कातड्याचे काय झाले, हे लिहिले? (सह्याद्रीत दोन रात्री काढण्यासाठी कोणते बूट घ्यावेत, यावर मात्र मराठीत विपुल आणि उत्तम लेखन आहे. लोणारचे विवर पाहायला येणारे पर्यटकही मजबूत बुटांत येतात आणि शेजारच्या शेतात सुडी लावणाऱ्या बाईच्या पायांची छायाचित्रे काढतात.)

आक्षेपांतला एक मात्र खरा आहे आणि तो साहित्याचा नाही, मातीचा आहे. हायडेगरने त्या चित्राविषयी बोलताना नोंदवले होते की बुटांना शेतातले ढेकूळही चिकटलेले नाही. तो बीबीला आला असता तर त्याला ढेकळाविषयी अधिक सांगता आले असते. पावसात काळी माती बुटाला लागते, पावलागणिक थर चढतो, आणि दहा पावलांत पाय उचलेनासा होतो. म्हणून पावसाळ्यात शेतकरी पायातले काढून हातात घेतो. त्यात कसलेही तत्त्वज्ञान नाही. शिवाय खळ्यावर पादत्राण चालत नाही, तिफण धरताना अनेक जण घालत नाहीत, आणि दिवसातून आठ वेळा नाड्या सोडायला कोणाला सवड आहे? एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळा आहेच. हे सगळे मान्य करूनच निवड करायची असते. निवड म्हणजे तरी दुसरे काय.

तर निवडीविषयी. भर चिखलात चामडे नेऊ नये. तिथे गुडघ्याखालपर्यंतचा रबरी गमबूटच बरा. फवारणीला तर चामडी बूट मुळीच नको, कारण चामडे औषध शोषून घेते आणि ते नंतर अनेक दिवस पायाला लागत राहते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये. चामडी, नाडीचा बूट हवा तो वाफसा झाल्यापासून पुढे: सोंगणी, सुडी, पऱ्हाटी उपटणे, रात्रीचे ओलित. तो घोट्याच्या वर किमान चार बोटे जाणारा असावा. घोणसीचे दात लांब असतात, त्यामुळे बूट म्हणजे अभय नव्हे. पण उघड्या घोट्यापेक्षा त्या जाड चामड्याने फार फरक पडतो. दुकानात वरचा भाग दोन बोटांत दुमडून पाहावा: रेक्झिन असेल तर घडीवर पापुद्रा दिसतो, चामड्यावर बारीक सुरकुत्या येऊन निवळतात. तळ शिवलेला आहे की नुसता पेस्टिंगचा, ते कडेने पाहावे. शिवलेला असेल तर झिजल्यावर कोणीही कारागीर नवा तळ लावून देतो, आणि त्या कारागिराचे पोटही चालते. तळावरच्या खाचा खोल पण विरळ हव्यात. दाट खाचांत काळी माती बसली की निघत नाही. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असावी, म्हणजे कुसळे आणि खडे आत शिरत नाहीत. वरच्या दोन-तीन जोड्यांना छिद्रांऐवजी आकडे असतील तर खळ्यावर नाडी झटक्यात सुटते. माप संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय सुजल्यावर, जाड मोजे घालून घ्यावे. भिजल्यास चुलीजवळ वाळवू नये. रद्दी कोंबून सावलीत ठेवावा आणि अधूनमधून तेल पाजावे. जोड्याला तेल पाजणे हा शब्दप्रयोग आजीच्या तोंडचा आहे, तो कोणत्याही संकेतस्थळावरून घेतलेला नाही.

बायकांसाठी काय? हा प्रश्न दुकानदाराला विचारून पाहावा. सोंगणी आणि वेचणीचे बहुतेक काम बायका करतात, आणि नाडीचे मजबूत बूट तिथे बहुधा पुरुषांच्या मापाचेच निघतात. हायडेगरने निदान कल्पनेत तरी ते बूट बाईच्या पायात घातले होते.

किमतीचे म्हणाल, तर सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. चांगला शिवलेला बूट म्हणजे सुमारे अर्धे क्विंटल, तेही हमीभाव पदरात पडला तर. रोजंदारीवर सोंगणी करणाऱ्याला तोही हिशेब लागू नाही. फवारणीच्या वेळी संरक्षक साहित्याची चर्चा निदान होते. सुडी उचलणाऱ्याच्या पायांसाठी तेवढीही होत नाही. साहित्य संमेलनांच्या ठरावांत सीमाप्रश्नापासून अभिजात दर्जापर्यंत सर्व काही येऊन गेले. पुढच्या संमेलनात शेतमजुराच्या पादत्राणासाठी अनुदान मागणारा ठराव आम्ही मांडू इच्छितो. मंडपात हशा पिकेल हे आम्हांस ठाऊक आहे. कोण हसले, ते आम्ही टिपून ठेवू.

व्हॅन गॉगच्या एका सहाध्यायाने लिहून ठेवले आहे की, ते बूट त्याने पॅरिसच्या जुन्या बाजारातून विकत आणले आणि पावसाळी दिवशी घालून तो मुद्दाम चिखलातून हिंडला, म्हणजे ते रंगवण्याजोगे होतील. पुढच्या सत्रात हे चित्र वर्गात येईल तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सांगणार आहोत की, दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या पायात शेतावर जाताना काय असते, ते लिहून आणा.